वळणावरची बकरी

सर्जेराव थोरातांनी तेहतीस वर्षं एसटी चालवली. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं कऱ्हाड–चिपळूण या एकाच मार्गावर, म्हणजे रोज कुंभार्ली घाट चढायचा आणि रोज उतरायचा. एवढ्या काळात त्यांच्या गाडीनं कुणाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. घरी मात्र दर रविवारी दुपारी चार वाजता ते मोटारींच्या शर्यतीत बायकोकडून हरायचे आणि उठून कांदा चिरायला घ्यायचे.

हरणाऱ्यानं कांदाभजी खिलवायची, हा नियम त्यांच्या लग्नापेक्षा जुना होता. कऱ्हाडच्या स्टँडसमोर शैलजाच्या वडिलांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. शैलजा तेव्हा बीएस्सीला होती. कॉलेज सुटलं की दुपारी गल्ल्यावर बसून टोकन द्यायची. पार्लरच्या मागच्या भिंतीला शर्यतीचं जोडयंत्र होतं : शेजारी शेजारी दोन खुर्च्या, दोन स्टिअरिंग, पायाशी पेडल, समोर दोन पडदे. बंदरावरून सुटायचं आणि अडीच मिनिटांत घाटमाथा गाठायचा. गाडी कठड्याला घासली की ठिणग्या उडायच्या. उलटली तर तीन कोलांट्या मारून पुन्हा चाकांवर उभी राहायची आणि काही झालंच नाही अशी पळत सुटायची. शैलजा वर्गात न्यूटनचे नियम शिकून यायची आणि इथं ते एकेक करून मोडताना बघायची. तिला तो खेळ फार आवडायचा.

एक दिवस खाकीतला नवा ड्रायव्हर दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आत आला. बिल्ल्यावर नाव होतं स. रा. थोरात. दिवसभर खरी गाडी चालवून पुन्हा हीच खोटी कशाला, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, इथं उशीर झाला तर कुणी तक्रारवहीत लिहीत नाही. त्या दिवशी शेजारची खुर्ची रिकामी होती म्हणून शैलजा बसली आणि अर्ध्या गाडीच्या अंतरानं जिंकली. थोरातांनी बाहेरच्या गाड्यावरून भजी आणली. दुसऱ्या दिवशी ते परत आले, परत हरले. वर्षभर भजी खाल्ल्यावर तिनं घरात सांगून टाकलं.

पुढं पार्लर बंद झालं तेव्हा वडिलांनी ते जोडयंत्र लेकीला दिलं. विद्यानगरच्या त्यांच्या घरात, जिथं इतरांचा सोफा असतो तिथं, ते उभं होतं. स्टिअरिंग, स्प्रिंगा, पेडल सर्जेराव बघायचे. आतल्या तारा आणि सोल्डरिंग शैलजाकडं. एरवी ती नवऱ्याला ‘अहो’ म्हणायची. त्या खुर्चीत बसली की मात्र गल्ल्यावरच्यासारखं ‘थोरात’ म्हणायची. छत्तीस वर्षांत यात बदल झाला नव्हता, आणि निकालातही नाही. बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत थोरात पुढं असायचे, शेवटच्या वळणावर शैलजा आतल्या बाजूनं घुसायची आणि अर्ध्या गाडीनं घाटमाथा गाठायची.

ते वळण तिचं होतं. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती चौतीस वर्षं सहायक होती. दुसऱ्यांच्या प्रयोगांची मांडणी तिनं केली, दुसऱ्यांच्या शोधनिबंधांसाठी रात्री जागून आकडे घेतले. तिचं नाव कुठंच नव्हतं, आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. पण आपण एका गोष्टीत कुणापेक्षाही सरस आहोत, असं ज्याच्या जोरावर मनातल्या मनात म्हणता येईल असं तिच्याकडं एवढंच होतं. तेहतीस वर्षं एसटी चालवणाऱ्या माणसाला ती घाटातल्या वळणावर हरवत होती.

*

पट्टी केतकीनं आणली. केतकी त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात एका कंपनीत खेळांची यंत्रं तयार करायची. जोडयंत्राचे जुने पडदे आणि सर्किट तिनंच मागच्या वर्षी बदलले होते, पण आतला खेळ ठिपक्याठिपक्यानं तसाच ठेवला होता. या खेपेला तिनं चार पट्ट्या काढल्या. गुडघ्याच्या खाली बांधायच्या, मोज्याच्या इलॅस्टिकसारख्या. बाजारात येऊन सहा महिने झाले होते आणि साठीपुढच्या लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या होत्या.

आईला विज्ञान समजावून सांगायची संधी केतकीला फारशी मिळत नसे, म्हणून ती सावकाश बोलत होती. मेंदूनं ‘पाय उचल’ असा हुकूम सोडला की तो मज्जातंतूंतून नडगीपर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण पंचविसावा भाग लागतो. तिथल्या स्नायूत विजेची बारीकशी लहर उठते. पण लहर उठली म्हणजे पाऊल उचललं गेलं असं नाही. स्नायू ताठ व्हायला, हाड ओढलं जायला, पाऊल पेडलवरून सुटायला आणखी वेळ जातो, आणि वय वाढतं तसा तो वाढतो. पट्टी ती लहर ऐकते आणि पाऊल हलण्याच्या आत खेळाला कळवते. मधला सगळा म्हातारा कारभार वगळला जातो. साठीचा माणूस विशीतल्यासारखी गाडी चालवतो.

“आणि हुकूम मागं घेतला तर?” शैलजानं विचारलं.

केतकी हसली. कंपनीतल्या तीन माणसांना हा प्रश्न सहा महिन्यांनी सुचला होता, असं ती म्हणाली. मेंदू कधी कधी हुकूम सोडतो आणि लगेच ‘राहू दे’ म्हणतो. पण पहिलं पत्र पेटीत पडलेलं असतं. ते पोचतंच, दुसरं त्याच्या मागोमाग धावत येतं. पाय हलत नाही, माणसाला स्वतःलाही काही कळत नाही, पण स्नायूत लहर उठून गेलेली असते. पट्टीला ती ऐकू येते. त्यामुळं पट्टी बांधून खेळताना माणसाला एक गोष्ट करता येत नाही, ती म्हणजे मनात एक आणि पायात एक.

याचा भलताच परिणाम झाला होता. कंपनीकडं पत्रं यायला लागली होती, आणि ती सगळी बापांची नाहीतर आजोबांची होती. आम्हाला मुलांकडून हरता येईनासं झालंय, अशी तक्रार होती. हरायचं ठरवून बसावं, तर पट्टी पायातलं खरं काढून घेते आणि गाडी पुढं पळते. एका आजोबांनी लिहिलं होतं की नातवानं आता आमच्याशी खेळणंच सोडलं. पुढच्या आवृत्तीत यासाठी वेगळं बटण द्यायचं कंपनीनं ठरवलं होतं.

मग दोघं खेळायला बसले. सर्जेरावांनी नेहमीप्रमाणं स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला. पहिल्या शर्यतीत ते बोगद्यापर्यंत पुढं होते आणि शेवटी सात गाड्यांच्या अंतरानं हरले. दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात बंदरावरच गाडी कठड्याला लागली, पण शेवट तोच. शैलजा खूश होती. कालपर्यंत अर्धी गाडी होती, आज आठ.

केतकीनं मांडीवरच्या पडद्यावर आलेख काढला. हिरवी रेघ पावलाची, नारिंगी नडगीतल्या लहरीची. शेवटच्या वळणाच्या थोडं आधी हिरवी रेघ जेमतेम हलली होती, बोटभर. नारिंगी मात्र तिन्ही शर्यतींत त्याच जागी ताडासारखी उभी राहिली होती.

“पप्पा,” केतकी कौतुकानं म्हणाली, “तुम्ही ऐन जिंकायच्या वेळी ॲक्सिलरेटर सोडता. इतकी वर्षं. तुम्ही आईला जिंकू देता!”

सर्जेराव गोंधळून हसले. शैलजा हसली नाही. ती आलेखाकडं बघत राहिली.

*

केतकीची बस गेल्यावर शैलजानं ओट्याशी उभं राहून, मागं न वळता विचारलं.

“खरं सांगा. मुद्दाम?”

“नाही.”

“मग पाय का उचलता?”

“मी कुठं उचलतो? पट्टी म्हणते उचलतो.”

“पट्टीला खोटं बोलायचं काय कारण?”

“म्हणजे मी बोलतोय.”

शैलजानं नळ सोडला आणि भांडी विसळायला घेतली. तेही त्यांना उत्तरासारखंच ऐकू गेलं असणार, कारण ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

हरण्याजिंकण्याचं दुःख करायचं तिचं वय नव्हतं. तिला वेगळंच टोचत होतं. रविवारी चारच्या सुमाराला ती जे हसायची, ‘आटपा थोरात, कांदा वाट बघतोय’ म्हणायची, ते सगळं एखाद्या लहान मुलीनं बाहुलीच्या भांड्यातला चहा पाहुण्याला द्यावा आणि पाहुण्यानं मिटक्या मारत प्यावा, तसं होतं की काय? समोरचा माणूस छत्तीस वर्षं मिटक्या मारत होता? आणि ते खरं असेल, तर ‘आज भाजी झकास झालीय’, ‘तुझ्या मनासारखं करू’ ही वाक्यंसुद्धा पुन्हा एकदा तपासायला हवी होती. एकदा मोजपट्टीच चुकीची निघाली की तिनं घेतलेल्या सगळ्या मापांवर काट मारावी लागते. हे तीच मुलांना शिकवत आली होती.

पुढच्या रविवारी तिनं जोडयंत्रावर चादर घातली. सर्जेरावांनी चादरीकडं बघितलं आणि कांदा चिरायला घेतला. साडेचारला त्यांनी भज्यांची बशी आणून तिच्यापुढं ठेवली.

“कोण हरलं?” तिनं विचारलं.

“मीच असणार,” ते म्हणाले.

तिनं बशीला हात लावला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही भजी झाली, आणि त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी ती न खाताच कपाटातल्या साड्या पुन्हा घडी करून लावत बसली. स्वयंपाकघरात सर्जेराव एकटे उभ्यानं भजी खात होते. त्यांना उभ्यानं खायची सवय नव्हती. एसटीत असतानाही ते डबा बसूनच खायचे.

*

त्या आठवड्यात पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं होती. एका मुलीनं वहीत लिहून आणलं होतं की लंबक जड केला की त्याचा झोका लांबतो. शैलजानं तिला पुन्हा करून दाखवायला सांगितलं. मुलीनं छोटा गोळा काढून मोठा लावला, आणि मोठा गोळा नीट बसावा म्हणून दोराही थोडा लांब सोडला.

“तू दोन गोष्टी बदलल्यास,” शैलजा म्हणाली. “फरक कशानं पडला ते आता कसं कळणार? एका वेळी एकच बदल.”

हे वाक्य ती चौतीस वर्षं म्हणत होती. या वेळी ते तोंडातून बाहेर पडलं आणि तिच्यापाशीच थांबलं. मुलगी दोरा मोजून पुन्हा बांधेपर्यंत शैलजाला तिसरी शर्यत आठवली होती.

तिसऱ्या शर्यतीत थोरातांची गाडी बंदरावरच कठड्याला लागली होती. तिथून शेवटपर्यंत ते मागंच होते. तरी नारिंगी रेघ त्याच जागी, तेवढीच उंच. बायकोला जिंकू द्यायचं म्हणून पाय सोडत असतील, तर आधीच हरलेला माणूस कशाला सोडेल?

तिनं घरी येऊन केतकीनं फोनवर पाठवलेला आलेख पुन्हा उघडला आणि पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. शेवटच्या वळणाआधी त्या जागी काय काय आहे? वळण आहे. शेवट जवळ आलेला आहे. पाटीवर ‘घाटमाथा’ लिहिलेलं आहे. तिथं संगीत बदलतं. उजव्या हाताला कड्याच्या कडेनं एक पांढरं जनावर उभं आहे. परदेशात कुठंतरी बसलेल्या चित्रकारानं ते दहाबारा ठिपक्यांत काढलं होतं. त्याच्या मनात मेंढी होती की कुत्रा, देव जाणे. पार्लरमधली पोरं त्याला बकरी म्हणायची, म्हणून ती बकरी.

तिनं केतकीला फोन केला आणि काय हवं ते सांगितलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. शनिवारी संध्याकाळी तिनं चादर काढली, दोघांच्या पायाला पट्ट्या बांधल्या आणि हा खेळ नाही, प्रयोग आहे, एवढंच नवऱ्याला म्हणाली. सर्जेरावांनी कशाचा म्हणून विचारलं नाही. चादर निघाली यातच ते खूश होते.

पहिल्या फेरीत संगीत बदलत नव्हतं. नारिंगी रेघ उभी राहिली. दुसरीत पाटी नव्हती. रेघ उभी. तिसरीत रस्ता आणखी मैलभर लांबवला होता, म्हणजे ते वळण शेवटचं उरलं नव्हतं. तरी रेघ त्याच वळणावर उभी. चौथीत सगळं होतं तसं होतं, फक्त बकरी बंदराजवळच्या पुलापाशी आणून ठेवली होती. पूल आला, सर्जेरावांची गाडी भर मोकळ्या रस्त्यावर दचकल्यासारखी मंदावली. मग बोगदा, मग शेवटचं वळण, आणि तिथं रेघ दोरीसारखी सपाट.

शैलजानं आलेख दोनदा पाहिला. छत्तीस वर्षांचं ओझं खाली ठेवायच्या आधी तिला खात्री करून घ्यायची होती.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही बकरीसाठी थांबता.”

सर्जेरावांनी पडद्याकडं बघितलं. मग आपल्या उजव्या पायाकडं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं.

“थांबत नाही,” ते म्हणाले. “पाय सुटतो जरा. ते तर सगळ्यांचंच होतं.”

“माझं नाही होत.”

“तू घाटात गाडी चालवली नाहीस.”

मग ते सांगू लागले. एसटीत लागले तेव्हा त्यांना शिकवायला रावते म्हणून एक जुने ड्रायव्हर होते. ते बोलायचे कमी आणि चुकलं की गुडघ्यावर लाकडी पट्टी मारायचे. त्यांचं एकच पक्कं म्हणणं होतं : घाटात बकरी दिसली की बकरीकडं बघू नकोस, पाय उचल. बकरी बाजूला होते, तिला अक्कल असते. तिच्यामागं पोर असतं, आणि पोराचं लक्ष बकरीकडं असतं.

“पण इथं कुठं पोर आहे?” शैलजा म्हणाली. “इथं तर सगळे ठिपके.”

“मला ठाऊक आहे गं. पायाला ठाऊक नाही.”

शैलजाला हसू आलं, पण सर्जेराव हसत नव्हते. ते म्हणाले की एकदा खरंच झालं होतं. पोफळीच्या वरच्या अंगाला, दुपारची फेरी, गाडीत त्रेचाळीस माणसं. कड्याच्या बाजूनं एक बकरी आडवी आली. पाय सुटला. बकरी निघून गेली. आणि तिच्यामागून पाचसहा वर्षांची मुलगी रस्त्यावर उतरली, हातात काठी, परकर खोचलेला. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. पोरीनं मान वर करून त्यांच्याकडं असं बघितलं, जसं काही हेच तिच्या वाटेत आले होते. मग उरलेली करडं हाकलत सावकाश पलीकडं गेली.

“हे मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू तेव्हा केतकीच्या वेळी सातव्या महिन्यात होतीस. आणि काही झालंच नाही, तर सांगायचं काय?”

स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं तेवढं ऐकू येत होतं. तो नळ दुरुस्त करायचं तीन आठवडे राहून गेलं होतं.

“चुकलं माझं,” शैलजा म्हणाली. “पट्टी खरंच बोलत होती. मी ऐकलं चुकीचं.”

*

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिनंच हट्ट धरला की एकदा बकरीशिवाय खेळायचं. खरं काय ते तिला बघायचं होतं. केतकीनं बकरी पुसून टाकलेला खेळ पाठवला. पट्ट्या न बांधता, नुसत्या पावलांनी दोघं खेळले. बोगद्यातून थोरात पुढं निघाले. शैलजा नेहमीसारखी आत घुसायला गेली, तर तिथं जागाच नव्हती. ते सरळ निघून गेले आणि चार गाड्यांच्या अंतरानं जिंकले. मग पुन्हा खेळले. पुन्हा चार.

“म्हणजे इतकी वर्षं मी एका बकरीच्या जिवावर जिंकत होते,” शैलजा म्हणाली. हे तिला लागायला हवं होतं, पण लागलं नाही. मोजपट्टी बरोबर निघाली होती, आणि त्यापुढं वळणाचं काय एवढं.

नियमाप्रमाणं भजी तिनं तळली. जन्मात तिच्यावर वेळ आली नव्हती. पीठ पातळ झालं, तेल नीट तापलं नव्हतं, आणि भजी चपटी होऊन तेल पिऊन बसली. सर्जेरावांनी बशीतलं एकूण एक भजं संपवलं आणि पुढच्या वेळी ओव्याला हात सढळ ठेव, एवढंच म्हणाले.

पण त्यांना चैन नव्हतं. पुढच्या रविवारी खुर्चीत बसताना ते स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावायचंसुद्धा विसरले. जिंकले, आणि जिंकल्यावर पडद्याकडं बघत राहिले.

“ते वळण कसं मोकळं मोकळं वाटतं,” ते म्हणाले. “जसं काही कुणाचं घरदार उठवून रस्ता केलाय.”

त्या रात्री शैलजानं केतकीला फोन केला. बकरी परत आणायची, हे केतकीनं ओळखलं होतंच. पण आई त्याच्यापुढं आणखी बरंच सांगायला लागली, आणि तेही अंतरं मोजून, सेकंदाच्या दशांशांत. बकरी दिसल्यावर ज्याचा पाय बोटभर तरी उचलला जाईल त्याचीच गाडी वेळेत उभी राहावी, हातभर अंतरावर. केतकीनं विचारलं, ज्याचा उचलला जाणार नाही त्याचं काय? शैलजा म्हणाली, ते मला बघायचंय.

“आणि ती निवांत जाऊ दे,” तिनं शेवटी सांगितलं. “घाई करायला लावू नकोस तिला.”

*

रविवारी चारला दोघं बसले. पट्ट्या टेबलावरच राहिल्या. बकरी परत आलीय, असं शैलजानं सांगितल्यावर सर्जेराव म्हणाले, म्हणजे कांदा आधीच चिरून ठेवायला हवा होता. त्यांनी स्टिअरिंगला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

बंदर मागं पडलं. पुलावर शैलजाची गाडी कठड्याला घासून ठिणग्या उडाल्या. “थोरात, बाजूला,” ती म्हणाली, आणि थोरात बाजूला झाले नाहीत. बोगद्यात दोन्ही पडदे काळे झाले, मग लख्ख उजेड, संगीत बदललं, पाटी आली. सर्जेराव अर्धी गाडी पुढं होते. उजव्या हाताला, कड्याच्या कडेला, दहाबारा ठिपक्यांची बकरी उभी होती.

त्यांचा पाय सुटला. बोटभर. शैलजाला आतली बाजू उघडी दिसली, छत्तीस वर्षं दिसत आली तशी. बकरीमागं कोण आहे हे तिनंच मोजून ठेवलेलं होतं. तरी हात सवयीनं आत वळले. मग तिला जाणवलं की आपला उजवा पाय पेडलवर नाही. तो केव्हा उठला हे तिला कळलं नव्हतं.

बकरी हलली. गेल्या छत्तीस वर्षांत ती एकदाही हलली नव्हती. ती रस्त्यावर उतरली, दोन उड्यांत पलीकडं गेली. आणि तिच्यामागून काठी घेतलेली एक मुलगी आली, तीही जेमतेम पंधरा ठिपक्यांची, खोचलेल्या परकराचे चार ठिपके लाल.

सर्जेरावांचा पाय ब्रेकवर गेला होता. दोन्ही गाड्या तिच्यापासून हातभर अंतरावर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मुलीनं मान वर केली आणि एकदा या पडद्यातून, एकदा त्या पडद्यातून त्यांच्याकडं बघितलं.

वर घड्याळातले आकडे उतरत होते. तीस सेकंद, पंचवीस. मुलीला घाई नव्हती. तिनं काठी उंचावली आणि मागून करडं यायला लागली, एक, मग दोन, मग आणखी एक रेंगाळत. सर्जेराव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून पुढं वाकले होते.

“होती,” ते म्हणाले.

“होतीच की,” शैलजा म्हणाली. “मी कुठं नाही म्हटलं?”

आकडे शून्यावर आले. घाटमाथा कुणीच गाठला नव्हता. दोन्ही पडद्यांवर खेळ संपल्याची अक्षरं लुकलुकायला लागली. अशा वेळी भजी कुणी तळायची, याचा नियम कधी कुणी केलेला नव्हता.

“थोरात,” ती म्हणाली, “हरलो आपण. उठा, दोघं मिळून करू.”

त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला नाही.

“थांब जरा,” ते म्हणाले. “एक करडू राहिलंय.”